पात्यापुरती फट

सावली गावात कुणी वारलं की फोटोची चौकट गुणवंतरावांकडून जायची. मागावी लागत नसे. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मृताच्या स्मरणविधीच्या, दिवशी सकाळी ते स्वतः ती पेपरात गुंडाळून नेत. आता उद्या त्यांचंच पुण्यानुमोदन होतं, आणि चौकट करायला घरात उरली होती त्यांची मुलगी. दिव्यानीनं बापाच्या हाताखाली लहानपणी काम केलं होतं, पुढे कॉलेजात शिकवायला लागल्यावर ते सुटलं होतं.

पहिली सागवानी पट्टी कडेनं फाटली. दुसरी तर गोल करवतीच्या मशीनच्या टेबलातच गेली. पात्याभोवतीची फळी झिजून तिची फट बोटभर रुंद झाली होती. बारीक पट्टीला खालून आधारच मिळेना. ती फटीत घसरली, पात्यानं तिला धरलं आणि तुकडे भिंतीवर फेकले. राहिलेलं लाकूड मोजकंच होतं, फार चुका सोसणारं नव्हतं. ते बाबांनी स्वतः निवडून ठेवलेलं. दुसरं कुठलं तिला चालणार नव्हतं.

"चांद्याहून तयार फ्रेम आणतो न बाई," पत्रू दारातून म्हणाला. तो गुणवंतरावांचा कामातला जुना जोडीदार. "सोनेरी कडा असते त्याले."

"बाबाले सोनेरी?"

"नाई म्हणा. शिव्या देल्या असत्या." त्यानं टेबलाकडे पाहिलं. "मंग फळी तरी नवी बसव. या फटीतून उंदीर जाईन."

तो विहारात सतरंज्या टाकायला गेला. दिव्यानीनं जुनी फळी काढून जाड प्लायवर ठेवली आणि भोवती पेन्सिल फिरवली. कापली, घासली, खाचेत बसवली, तर डुगडुगली. पुन्हा दुसरी केली. ही टेबलाच्या पातळीला बसली. नखाला कड लागेना. पण पातं पार खाली नेलं तरी दात फळीला टेकत होते. उलट्या बाजूनं पटाशीनं नाली कोरावी लागली. पटाशी निसटून अंगठ्यात गेली. तिनं तो ओढणीत गुंडाळला.

फळीवर आडवं लाकूड ठेवून तिनं दोन्हीकडून शिकंजे आवळले. आता चालू पातं हँडलनं हळूहळू वर आणायचं. ते आपली फट आपणच कापतं, स्वतःच्या जाडीपुरतीच. हे बिघडलं तर साऱ्या गावाला चौकटी देणारा माणूस उद्या उघड्या कागदावर भिंतीला टेकलेला असणार होता.

तिनं बटण दाबलं. हँडल दोन्ही हातांनी धरलं. जळक्या लाकडाचा वास आला आणि फळीतून पहिला दात वर निघाला.

मशीन थांबवून तिनं आडवं लाकूड काढलं, पुन्हा सुरू केली. पट्टी निघाली. कडेला एक कुसळ नाही. मग पुढची. त्यापुढची.

दिव्यानीची आई, इंदुताई, नवऱ्याचा फोटो छातीशी धरून आत आली. खाली ठेवलेल्या पट्ट्या तिनं पाहिल्या.

"फ्रेमले बाजू किती असतात वं?" ती मशीनच्या आवाजात मोठ्यानं म्हणाली.

"चार."

"मंग पाचवी काऊन कापून राह्यली?"

"चांगल्या निघून राह्यल्या, आई."

"दिसून राह्यलं. हा घे. घाल त्यात."

दिव्यानीनं फोटोकडे पाहिलं नाही. "एकच अजून," ती म्हणाली.

इंदुताईनं हात लांबवून बटण बंद केलं. पातं फिरत फिरत थांबलं. तरी दिव्यानी लाकूड पुढे रेटतच होती.