ऑक्टोबरातला हीटर

"काका, हीटर? ऑक्टोबरात?" पोपटने हातातला पाना तसाच धरून विचारलं. "लोक माझ्याकडे एसी दुरुस्तीला येतात हो. तुमची तब्येत बरी आहे ना?"

उत्तम गांगुर्डेचं डोकं त्या वेळी स्वतःच्या गाडीच्या डॅशबोर्डखाली होतं, पाय दाराबाहेर होते आणि तोंडात टेस्टर होता. त्यामुळे उत्तर म्हणून नुसतं "हंऽ" आलं. शहाडच्या पुलाजवळच्या त्या गॅरेजचा पत्रा सकाळी दहालाच तापून निघाला होता. पोपटने गळ्यातल्या फडक्याने मान पुसली आणि वाट पाहिली.

"फ्यूज चांगला आहे," उत्तम बाहेर येत म्हणाला. "वायरिंग पण बघितलं. सप्लाय येतोय. पंखा फिरतोय. मग हवा गरम का येत नाही?"

उत्तमची सगळी नोकरी पालिकेच्या दिवाबत्ती खात्यात गेली. वायरमन म्हणून लागला, वायरमन म्हणूनच निवृत्त झाला. आंबिवली, मोहने, टिटवाळा या बाजूचे किती खांब त्याने चढले-उतरले त्याला हिशेब नव्हता. त्यामुळे जगात काहीही बंद पडलं तरी फॉल्ट विजेतच असणार, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. जावई रुसला तरी हे आधी मीटर बघतील, असं त्याची बायको वैशाली म्हणायची.

"काका, हीटरला लाइट लागत नाही," पोपट हसला. "लाइट फक्त पंख्याला. गरम पाणी इंजिनाचं असतं. ते पाइपातून आत जातं, आतल्या छोट्या जाळीत फिरतं आणि पंखा त्याच्यावरची हवा आपल्याकडे ढकलतो. या इकडे."

त्याने बॉनेट उघडून दाखवलं. इंजिनाकडून आत जाणारे दोन पाइप असायला हवे होते. तिथे इंजिनाच्या दोन्ही तोंडांना मिळून एकच वाकडा पाइप जोडलेला होता. पाणी निघत होतं आणि तिथल्या तिथे वळून परत इंजिनात जात होतं. आतल्या बाजूच्या नळ्यांना कुणीतरी व्यवस्थित बुचं मारलेली होती.

"बायपास केलाय. मग टेस्टर घेऊन तुम्ही संध्याकाळपर्यंत शोधलं असतं तरी काय सापडणार?"

"कुणी केला?"

"ज्याने केला त्याचं काय चुकलं नाही हो. पाइप गळला असेल, जोडून मोकळा झाला. आपल्याकडे कोण लावतं हीटर? मी पण असंच करतो. कस्टमर उलटा खूश होतो."

उत्तमने त्या वाकड्या पाइपाकडे बघितलं. गाडी त्याने निवृत्तीच्या वर्षी खात्यातल्या एका साहेबांकडून जुनी म्हणून घेतली होती. इतकी वर्षं ती चालवली आणि आपल्या गाडीला हीटर नाही हे त्याला काल रात्रीपर्यंत ठाऊकच नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं.

"मला तो आजच पाहिजे, पोपट," तो म्हणाला. "उद्या बुधवार आहे."

मग त्याला सांगावं लागलं.

वैशालीच्या किडन्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. कल्याणात जागा मिळाली नाही, ठाण्यात वर्तकनगरला एका ट्रस्टच्या केंद्रात मिळाली. दुपारी नेऊन सोडायचं, संध्याकाळी आणायचं. सुया, पथ्य, मोजून पाणी, सगळं तिने सोसलं. मोहन्याच्या बालवाडीत तीस वर्षं पोरं सांभाळलेली बाई. सहज हार मानणारी नव्हे. पण गेल्या काही महिन्यांपासून तिला मशीनवरून उठलं की थंडी भरायची. साधी नव्हे. दात वाजायचे, गुडघे उडायचे. डॉक्टरांनी औषध बदललं, मशीनचं तापमान वाढवून बघितलं, काही जणांना होतं म्हणाले, ऊब द्या म्हणाले. उत्तमने स्वेटर दिला, वर शाल, वर घोंगडी. गरम पाण्याची पिशवी माजिवड्यापर्यंत टिकायची, मग तीही गार. बाहेर लोक घामाने निथळत असायचे आणि काचा बंद केलेल्या गाडीत ही बाई पौषातल्या पहाटेसारखी कुडकुडत असायची. थंडी हवेत नव्हती, तिच्या अंगात होती.

काल सोमवारी कोनगावच्या सिग्नलला गाडी अडकली होती. घोंगडीतून तिचा आवाज आला.

"अहो, बुधवारी मला नेऊ नका."

"म्हणजे?"

"म्हणजे नको. बस झालं आता. सुयांचं मला काही वाटत नाही. मरायचंही वाटत नाही. या परतीच्या रस्त्याचं भय वाटतं. मशीनवर पडल्या पडल्या मी तेच मोजत असते, आता कोन येईल, आता दुर्गाडी येईल. असं किती दिवस करायचं?"

डायलिसिस थांबवलं तर काय होतं, हे दोघांनाही चांगलं माहीत होतं. त्यांच्याच केंद्रातल्या रमाबाईंनी थांबवलं होतं. त्यांची खाट दुसऱ्याच आठवड्यात दुसऱ्याला दिली गेली.

घरी पोचल्यावर डोंबिवलीहून मुलीचा, मृणालचा फोन आला. ती रडली, रागावली, आईने ऐकून घेतलं आणि "जेवलीस का?" विचारलं. वैशालीने एकदा ठरवलं की ठरवलं. शेवटी उत्तमने गयावया करून एक सौदा केला. बुधवारी फक्त यायचं. येताना थंडी वाजली तर शुक्रवारचं नाव तो काढणार नाही. पुन्हा कधीच काढणार नाही. ती "बरं" म्हणाली. सौदा करताना त्याच्या डोक्यात काहीही उपाय नव्हता. हीटर त्याला नंतर, अंथरुणावर पडल्यावर सुचला.

हे सगळं ऐकून पोपटने समोरच्या रिक्षावाल्याला हात केला. "तुझं उद्या," म्हणाला आणि उत्तमच्या गाडीत वाकला.

दुपारपर्यंत नवे पाइप बसले. इंजिन चालू करून दोघांनी डॅशबोर्डवरच्या हवेच्या झरोक्यासमोर तळहात धरले. हवा आली. कोमट. ताकही याहून गरम असतं, असं उत्तमला वाटलं.

"पाइप तर दोन्ही जोडले. आता घोडं कुठे पेंड खातंय?" पोपट स्वतःशीच पुटपुटला. मग इंजिनाचं एक तोंड उघडून त्याने आत बोट घातलं. "च्यायला. थर्मोस्टॅट पण काढलाय."

"ते काय असतं?"

"एक झडप असते. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून ठेवते. ती नसली की पाणी सारखं फिरत राहतं, तापतच नाही. आपल्याकडे सगळेच काढतात, काका. गाडी गरम होऊ नये म्हणून."

"म्हणजे एकेकाने येऊन, इथे लागत नाही म्हणून, सगळं काढून नेलं?"

"लागत नव्हतंच ना," पोपट म्हणाला आणि मग जरा ओशाळला.

तसली झडप कल्याणात मिळायची मारामार. ती गाडीच आता रस्त्यावर दिसत नव्हती, तर तिचे भाग कोण ठेवणार? पोपटने चार ठिकाणी फोन केले, दोघांना शिव्या दिल्या, एकाला बहिणीच्या लग्नाची आठवण करून दिली. शेवटी उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याकडून ती आली. चहाच्या गाळणीएवढी वस्तू. पोपटने ती आधी उकळत्या पाण्यात टाकून उघडते का ते बघितलं आणि मगच बसवली.

आता पाणी तापलं, आतली जाळी तापली, पण बटण निळ्यावरून लालवर फिरवलं तरी हवा बदलेना. गार-गरम हवा वळवणाऱ्या आतल्या झाकणापर्यंत जाणारी तार निसटली होती. पोपटचा पंजा तिथे शिरत नव्हता. उत्तम पुन्हा डॅशबोर्डखाली गेला. तिथे मात्र त्याला त्याच्या ओळखीचं काम सापडलं. तार आणि जोड. खिशातल्या बाइंडिंग वायरीने, खांबावर केबल बांधायचा तसा पीळ देऊन त्याने ती आवळली. वर पोपटने बटण फिरवलं आणि उत्तमच्या तोंडावर भट्टीतला यावा तसा झोत आला.

"आला!" तो आतून ओरडला. डोकं वर आपटलं तरी त्याला लागलं नाही.

बुधवारी वैशाली ठरल्याप्रमाणे आली. घोंगडी स्वतःच घेतली. हीटर दुरुस्त केला म्हणून त्याने वाटेत सांगितलं तेव्हा "गाडीचा? आपल्या?" एवढंच विचारलं. केंद्राच्या दारात तिने चप्पल नीट जोडून ठेवली. नर्स तिला आत घेऊन गेली.

उत्तम बाहेरच्या बाकावर बसला. पेपर वाचला, मृणालला फोन केला, चहा प्यायला. आता तिला मशीनवरून काढायची वेळ होत आली आणि एकदम त्याला गाडी आठवली. दुपारपासून ती इमारतीखाली, सावलीत उभी होती. इंजिन थंडगार पडलं असणार. वैशाली बसेल, तो बटण लालवर फिरवेल आणि गार वारा तिच्या पायांवर येईल. इंजिन तापेपर्यंत माजिवडा येईल. तेवढ्यात सगळं संपलेलं असेल. हीटरला गरम इंजिन लागतं ही साधी गोष्ट, ती त्याला काल पोपटने सांगितली होती. पण वायरमनच्या डोक्यात बटण दाबलं की दिवा लागला, हेच पक्कं बसलेलं.

तो जिन्यावरून जवळजवळ पळतच खाली गेला. गाडी बाहेर काढून आवारातल्या मोकळ्या जागेत लावली, इंजिन चालू केलं, काचा बंद केल्या. हीटर आधी लावला नाही. इंजिनाची ऊब इंजिनातच राहू दे. काट्याकडे बघत बसला. काटा हलेना. मग हलला. मधोमध आल्यावर त्याने बटण लालवर फिरवलं आणि सीट, दारं, खालचा पत्रा, सगळं तापू दिलं. शर्ट पाठीला चिकटला. चष्म्यावर घाम उतरला.

वॉचमनने काचेवर टकटक केलं. "अहो काका, बाहेर या! चक्कर येऊन पडाल. काच तरी उघडा!"

उत्तमने आतून हात जोडले आणि मान हलवली. काच उघडली नाही. एवढ्या मेहनतीने जमवलेली ऊब बाहेर सोडायला तो काय वेडा होता?

वैशालीला नर्सने चाकाच्या खुर्चीवरून दारापर्यंत आणलं तेव्हा तिची हनुवटी उडायला लागली होती. उत्तमने दार उघडलं, तिला बसवलं, लगेच दार लावलं. ती डोळे मिटून, खांदे आवळून बसली; दर वेळी बसायची तशीच, पुढचं सगळं माहीत असल्यासारखी. गाडी फाटकाबाहेर पडली. उत्तम तिच्याकडे बघत नव्हता. त्याची हिंमतच होत नव्हती.

माजिवड्याच्या पुलावर त्याच्या लक्षात आलं की दात वाजायचा आवाज येत नाही.

त्याने चोरून बघितलं. तिने चपला काढल्या होत्या. दोन्ही पावलं, सुजलेली, खालच्या जाळीसमोर धरली होती आणि बोटं हळूहळू उघडत-मिटत होती. घोंगडी कमरेपर्यंत घसरली होती. भिवंडी बायपासवर ती झोपली. इतक्या महिन्यांत या रस्त्यावर ती पहिल्यांदाच झोपली. शेजारून जाणाऱ्या टेम्पोवाल्याने बंद काचांमागे घामाने ओलाचिंब झालेला म्हातारा बघितला आणि वेडा आहे का, असा हात केला. उत्तमनेही हसून हात केला.

कोनगाव गेलं. दुर्गाडीचा पूल आला तेव्हा ती जागी झाली. खाडीवर संध्याकाळ उतरली होती.

"शुक्रवारी घोंगडी नको घ्यायला," ती म्हणाली. "उगाच ओझं होतं."

उत्तमला "हो" म्हणायचं होतं. त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि रस्त्याकडे बघत राहिला. रस्ता नीट दिसत नव्हता.

"किती घामाघूम झालात तुम्ही," ती म्हणाली. सुया न टोचलेला उजवा हात तिने पुढे केला आणि पदराने त्याचं कपाळ पुसलं, मान पुसली. मग चष्मा वर सरकवून त्याचे डोळे पुसले.