इंडियावाली बिअर

पुण्यात मी बिअर बनवायच्या कारखान्यात कामाला आहे. दिवाळीत तिरोड्याजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा बाबांसाठी आमच्या आयपीए बिअरची एक बाटली आणली. बाबांनी अंगणात बसून एक घोट घेतला आणि तोंड इतकं वाकडं केलं, की मला रागच आला.

"काढा आहे का रे हा? इतकी कडू कायले बनवता?"

माझी दोन वर्षांची मेहनत, आणि म्हणे काढा! मी सगळा इतिहासच सांगायला बसलो. इंग्रज विलायतेहून इकडे जहाजानं बिअर पाठवायचे. प्रवासाला चार-पाच महिने लागत. तेवढ्यात ती नासू नये म्हणून तिच्यात हॉप्सची कडू फुलं जास्तीची टाकत. इंडियासाठीची, म्हणून नाव पडलं इंडिया पेल एल, म्हणजेच आयपीए.

शेजारी आई सुपात तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, "म्हणजे आपण तांदळाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला टाकतो, तसंच."

"अगदी तसंच!" मी खूश झालो. "आता तर तिचे कितीतरी प्रकार आहेत. एक कडूजहर, एक काळी, एक गढूळ, आंब्याच्या वासाची."

"मंग अजून जहाजानंच पाठवता का?"

"नाही गं. आता फ्रिज आहेत. पण लोकांना कडूच आवडायला लागली."

आईनं तांदळातली वाळकी पानं वेचून अंगणात टाकली.

"बाबू, आमी रांधताना पाला फेकून देतो. तुमी तं पालाच रांधून राहिले."