औलीची चिठ्ठी, कुफरीची चिठ्ठी

माझा मुलगा रविंद्र बारामतीत बँकेत आहे. चार वर्षांतून एकदा देशात कुठंही घरच्यांना घेऊन जायचं भाडं बँक त्याला देते. शहाण्णव साली त्याची मुदत डिसेंबरअखेर संपत होती आणि अर्ज शनिवारी दुपारच्या आत द्यायचा होता. मी निरवांगीहून त्याच्याकडं पोचलो तो शुक्रवार.

मला माझ्या बायकोनं, फुलाबाईनं धाडलं होतं. "म्हशीचं मी बघते. तुमी जावा, दोघं एकमेकाशी बोलत्यात का ते बघा," ती म्हणाली. सुट्टीत गावी आली तेव्हा आमची सून ज्योत्स्ना तिला सांगून गेली होती, "आत्या, या सहलीला दोघं मिळून गेलो तर गेलो. न्हायतर मी बावड्याला भावाकडं जाते. मग परत यायची न्हाय."

त्यांच्या मुलाला, सुमितला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. सहा वर्षांचा होता. जूनमध्ये ताप आला. सकाळी ज्योत्स्ना म्हणाली पुण्याला नेऊ, रविंद्र म्हणाला दुपारपर्यंत थांबू. दुपारी रविंद्र म्हणाला पुण्याला नेऊ, तर ताप उतरला होता, ती म्हणाली थांबू. संध्याकाळी गाडी निघाली आणि पाटसच्या पुढं पोर गेलं. पुढं डॉक्टर म्हणाले, सकाळी आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. ते दोघांनीही ऐकलं. कानापर्यंतच गेलं.

तेव्हापासून त्या घरात कुणी काही ठरवत नव्हतं. भाजी कुठली करू, तर तुम्ही म्हणाल ती. पंखा लावू का, तर तुला पाहिजे तर लाव. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मी मधे पडलो असतो.

शुक्रवारी चहा झाला आणि रविंद्रनं दोन रंगीत कागद माझ्यापुढं ठेवले. एकावर औली, एकावर कुफरी. दोन्हीकडं पांढरे डोंगर, आणि पायाला लांब पट्ट्या बांधून घसरणारी माणसं.

"बँकेतला एकजण म्हणाला, बर्फात जा, मन हलकं होतं," रविंद्र म्हणाला.

"आन् ही माणसं पैसे देऊन घसरत्यात?"

"व्हय. शिकवायला मास्तर असतो."

"आमच्या खालच्या पट्टीत या पाणी सोडल्यावर. फुकट घसराल. मास्तर न्हाय लागत."

ज्योत्स्ना हसली. सहा महिन्यांत मी तिचं हसू पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जमेल.

"बरं, फरक काय दोन्हीत?" मी विचारलं.

रविंद्रनं नीट सांगितलं. औलीला बर्फ हमखास. तारेवरच्या पाळण्यातून वर जायचं. पण हरिद्वारपासून दिवसभर बसनं डोंगर चढायचा, आणि रस्ता बंद झाला तर तिथंच अडकायचं. कुफरी सिमल्याला लागून. जायला सोपी, छोटी आगगाडी आहे. पण डिसेंबरात बर्फ पडेलच असं नाही. नाही पडला तर नुसते डोंगर बघून यायचं.

"तितं दवाखाना हाय का जवळ?" मी सहज विचारलं. कुठं जायचं म्हटलं की म्हातारा माणूस हेच विचारतो.

रविंद्र कागदाकडं बघत राहिला. ज्योत्स्ना कप उचलून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा होता.

"तू सांग, कुठं जायचं," रविंद्र तिला म्हणाला.

"तुम्ही म्हणाल तिथं."

"मी न्हाय म्हणणार. उद्या बर्फ नसला तर माझ्यावर येईल."

"आणि रस्ता बंद झाला तर माझ्यावर?"

"अप्पा, तुमीच सांगा," रविंद्र म्हणाला.

खरं तर मी तेव्हा एक नाव घ्यायला हवं होतं. कुठलंही. मी नाही घेतलं. मी म्हणालो, "चिठ्ठ्या टाकू."

आमच्याकडं दोघांचं जमेना की चिठ्ठ्या टाकतात. आदल्या वर्षी मी आणि माझा भाऊ तात्याबा यांनी जमीन वाटली, तीही चिठ्ठ्यांवरच. कालव्याकडची पट्टी माझ्याकडं आली. चिठ्ठीवर कुणी रुसत नाही, कारण ती घरातलं सगळ्यात लहान लेकरू उचलतं. लेकराच्या हाताला आपपरभाव नसतो.

रविंद्रनं वहीचं पान फाडून दिलं. मी दोन तुकडे केले. मला अक्षर उशिरा आलं, सुमितच्या पहिलीच्या पुस्तकावरून. तो घोकायचा, मी गिरवायचो. अजून काढायला वेळ लागतो. औली लिहिलं, कुफरी लिहिलं, घड्या घातल्या, वाटीत टाकून वाटी हलवली. आणि सवयीनं आतल्या खोलीकडं बघून हाक मारली, "सुमित, ये रं बाळा, उचल एक."

कालव्याकडची पट्टी त्याच हातानं आली होती.

ज्योत्स्नानंही दाराकडं पाहिलं. माझ्या हाकेसरशी तिची मान वळली होती आणि परत फिरायला तिला वेळ लागला. रविंद्र नुसतं "अप्पा" म्हणाला.

मी म्हणालो, "शेजारच्या छकुलीला बोलवू का?"

"नको," ज्योत्स्ना म्हणाली. "दुसऱ्याच्या लेकराच्या हातावर आपलं कशाला ठेवायचं?"

"मग तू उचल," रविंद्र म्हणाला.

"तुम्ही उचला."

वाटी तिथंच राहिली. तिच्याभोवती जेवणं झाली. शनिवारी रविंद्र अर्ज घेऊन बँकेत गेला आणि दुपारी तसाच कोरा घेऊन आला. ज्योत्स्नानं बॅग आधीच भरली होती.

रविंद्र स्टँडपर्यंत आला. खिडकीशी उभा राहिला. "राहा" म्हणाला असता तर ती राहिली असती, असं मला अजून वाटतं. तो म्हणाला, "तुला वाटेल तसं कर."

इंदापूरपर्यंत मी तिच्यासोबत गेलो. निमगाव केतकीला बाजाराची माणसं चढली, एका बाईनं वांग्यांची पाटी आमच्या पायाशी ठेवली. ज्योत्स्नानं पाय आखडून घेतले आणि विचारलं, "अप्पा, चिठ्ठ्या कुठं हायत?"

मी सदऱ्याच्या खिशातून काढल्या. टाकवल्या नव्हत्या. तळहातावर धरल्या. तिनं एक उचलली, न उघडताच पर्समध्ये ठेवली. इंदापूरला ती बावड्याच्या गाडीत बसली. गाडी वळली तेव्हा तिनं मागं पाहिलं, पण ते मला की इंदापूरला, सांगता यायचं नाही.

आठवड्यानं रविंद्र निरवांगीला आला. म्हशीपाशी उभा राहून त्यानं विचारलं, "तिनं कुठली घेतली?"

मी उरलेली चिठ्ठी पुढं केली. ही उघडली की ती कळणार होती.

"उघड की," मी म्हणालो.

त्यानं हात पुढं केला, मग मागं घेतला.

"तुमी उघडा," तो म्हणाला.