विठाबाईची गाठ

मी दप्तराचा रुमाल बोलतोय. फडका नव्हे, रुमाल. जाड, लाल खारव्याचा, दीड हात लांब आणि तेवढाच रुंद. माझ्यात कागद बांधतात. घरच्या मालकीणबाईंनी, सगुणाबाईंनी, एकदा घाईत मला गरम पातेल्याला धरलं होतं, तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

शिरूरच्या पेठेत मी ठाणातून कापला गेलो तो सत्तावन्न साली. त्या निवडणुकीत जालिंदरराव वाबळे, म्हणजे साऱ्या मुलखाचे आबा, विरोधी पक्षाकडून उभे राहिले आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटावं असे निवडून आले. आता दिल्लीला लोकसभेत जायचं, तर कागद कशात न्यायचे? मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या रूथबाईंनी मला विकत घेतलं, चारी कडा दुमडून हातानं शिवल्या आणि आबांपुढे ठेवलं.

"आबा, प्रश्न तुमचे, इंग्रजी माझं," त्या म्हणाल्या.

आबांना भाषण करायला सांगा, तासभर हलायचे नाहीत. लिहायचं म्हटलं की मात्र त्यांची बोटं दुखायला लागत. म्हणून त्यांनी आपली एक रीत पाडली. बाजाराच्या दिवशी ते शिरूरला चिंचेखाली घोंगडी टाकून बसायचे. लोक येऊन गाऱ्हाणं सांगायचे. हे काम दिल्लीचंच आहे अशी खात्री पटली, की आबा माझा एक कोपरा पुढे करून म्हणायचे, "मार गाठ." ज्याचा प्रश्न, त्यानंच गाठ मारायची. संध्याकाळी रूथबाई एकेका गाठीचा प्रश्न विचारून घेत, नीट इंग्रजीत लिहीत आणि टपालानं दिल्लीला पाठवत. सभागृहात उत्तर मिळालं, की त्याच माणसानं येऊन ते ऐकायचं आणि पटलं तर गाठ सोडायची.

मला कोपरे चार, म्हणून एका वेळी प्रश्नही चार. पाचवा आला तर आबा त्याला सांगायचे, "कोपरा रिकामा हू दे, मग ये."

सगळ्याच गाठी सुटत नसत. राहू गावच्या भैरूनं गावाला तारघर कधी होणार म्हणून गाठ मारली होती. उत्तर आलं, माहिती गोळा करण्यात येत आहे. भैरू दर बाजाराला यायचा आणि लांबूनच ओरडायचा, "आबा, झाली का गोळा?" आबा गाठ तशीच वर धरून दाखवायचे. तो कोपरा दोन वर्षं आखडलेलाच होता.

आता खरी गोष्ट सांगतो. एकोणसाठचा माघ महिना होता. आबांना दिल्लीला निघायचं होतं, म्हणून त्याआधीच्या आठवड्यात त्यांनी दौंड तालुक्यातली चौदा गावं पालथी घातली. परतताना आमची बैलगाडी एका रेल्वे फाटकाशी अडली. स्टेशनचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं पुढे फार चांगली वागली. फाटकावर एक मालगाडी आडवी उभी होती. हलायचं नाव नाही.

शेजारच्या झेंडूच्या वावरातून एक बाई धावत आली. पदर खोचलेला, हात फुलांनी पिवळे. ती विठाबाई.

"आबा, तुमाला अर्धा तास झाला आसंल. आमाला कवा कवा तास तास जातो," ती म्हणाली. "दवाखाना पल्याड हाय. गेल्या साली माझी लेक रतन हितंच गाडीत आडली. पल्याड दवाखाना दिसत हुता आन् पोर हितंच गेलं. आता पुन्हा चैतात दिस भरत्यात तिचं."

आबा गाडीतून खाली उतरले. त्यांनी माझा चौथा कोपरा पुढे केला. विठाबाईनं अशी काही गाठ आवळली की माझे धागे करकरले.

"बाई, गाठ मारतीस का रुमाल फाडतीस?" आबा म्हणाले.

"सुटू नये म्हनून मारली, आबा."

शिरूरला पोचलो तेव्हा रूथबाई त्यांच्या ख्रिस्ती मंडळीच्या बैठकीसाठी नगरला गेल्या होत्या. प्रश्न कागदावर उतरला नाही. आबा दमून आडवे झाले. आणि सगुणाबाईंनी, आबांच्या कारभारणीनं, मला उजेडात धरून पाहिलं.

"अगं बाई! ह्ये आसलं कळकट घिऊन दिल्लीला जानार?" त्या म्हणाल्या. "प्रश्न तर टपालानं गेल्यात. मग गाठी कशापायी?"

त्यांचा हेतू वाईट नव्हता. मायेनंच मला सोड्यात भिजवलं. तीन गाठी बोटांनी सुटल्या. चौथी काही सुटेना. त्यांनी नखं लावली, दात लावले, शेवटी उलथन्याचं टोक घातलं आणि गाठ सुटली. सुटता सुटता माझा कोपरा बोटभर फाटला. मग तांब्यात निखारे घालून त्यांनी माझ्यावर इस्त्री फिरवली.

सकाळी आबांनी मला हातात घेतलं आणि चारी कोपरे चाचपले.

"सगुणा, गाठी कुठं गेल्या?"

"सोडल्या. का वं?"

"तिनांचं कागद हायत. चौथी कुनाची हुती?"

ते त्यांना आठवेना. चौदा गावं, शंभर गाऱ्हाणी, त्यातली एक. सगुणाबाईंचा चेहरा पडला. पुण्याहून गाडीत बसल्यावरही आबा माझा तो कोपरा चाळवत राहिले, गावांची नावं एकामागून एक घेत राहिले. मी सगळं ऐकलं होतं, सगळं मला माहीत होतं. तोंड नसल्याचं दुःख काय असतं ते मला त्या प्रवासात कळलं. दिल्लीला त्यांनी कागद पाहून भैरूची आणि बाकी दोघांची गाठ पुन्हा मारली. चौथा कोपरा तसाच लोंबत राहिला. तीन आठवडे आबांना नीट जेवण गेलं नाही.

फाल्गुनात एके सकाळी आबांचा रेल्वेवरचा प्रश्न पुकारला गेला. तो संपत नावाच्या भाजीवाल्याचा होता. दौंड तालुक्यातल्या लहान स्टेशनांवर नवे रूळ पडताहेत, मग भाजीसाठी गाडीला वेगळा डबा जोडणार का, असा. मंत्री उठले. डब्याचा विचार करू, म्हणाले. आणि जरा अभिमानानंच पुढे म्हणाले, की नव्या रुळांमुळे आता त्या स्टेशनांवर जास्त मालगाड्या थांबवून ठेवता येतात.

मंत्र्यांचं उत्तर झालं, की त्याच विषयावर आणखी एखादा प्रश्न तिथल्या तिथे विचारता येतो. त्याला पुरवणी प्रश्न म्हणतात. आबा उभे होते, पण विचारायला डोक्यात काही नव्हतं. अध्यक्षांनी पुढच्या सदस्याकडे मान वळवली. आबा खाली बसायला वाकले, आधारासाठी बाकावर हात टेकला, तो माझ्यावर. त्यांचा अंगठा माझ्या फाटक्या कोपऱ्यात गेला.

ते तसेच थांबले. "गाठ मारतीस का रुमाल फाडतीस," असं ते पुटपुटलेलं मी ऐकलं. मग ताठ उभे राहून असे गरजले की पुढच्या बाकावरचे दोघे दचकले.

"अध्यक्ष महोदय!"

आबांची हिंदी म्हणजे धोतरावर घातलेला कोट. ते म्हणाले, "मंत्रीजी बोले, मालगाडी ठैरती है. ठैरने दो. लेकिन फाटक के ऊपर क्यों ठैरती है? इस पार गाव है, उस पार दवाखाना. मालगाडी ठैरती है, बाळंतपण नहीं ठैरता!"

सभागृह हसलं. आबा हसले नाहीत. त्यांनी स्टेशनाचं नाव घेऊन रतनची गेल्या सालची हकीकत सांगितली, चार वाक्यांत. हसणं थांबलं. अध्यक्षांनी आबांना आवरलं नाही, आणि मंत्र्यांनी माहिती गोळा करण्याची भाषा केली नाही. ते म्हणाले, "सन्माननीय सदस्यांचं म्हणणं रास्त आहे. दहा मिनिटांच्या वर कोणतीही गाडी त्या फाटकावर उभी राहणार नाही, आणि आजाऱ्याची बैलगाडी आली तर आधी तिला वाट मिळेल. आजच हुकूम काढतो."

आबा खाली बसले. त्यांनी माझा चौथा कोपरा घेतला आणि घाईघाईनं त्याला गाठ मारली. ढिलीच होती. पण मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! तीन आठवड्यांचं ओझं एका मिनिटात उतरलं. त्या दिवशी आबा दोन वेळचं एकदम जेवले.

चैत्र संपता संपता आबा सुट्टीला शिरूरला आले. पहिल्याच बाजाराला विठाबाई आली. कडेवर टोपडं घातलेलं गाठोडं होतं, आणि ते रडत होतं.

"दुपारचं आलो फाटकापाशी," ती सांगू लागली. "मालगाडी हुतीच आडवी. म्या म्हनलं, झालं! तर ठेसनाचा साहेब सोता झेंडी घिऊन पळत आला, गाडी म्हागं घेतली आन् आमाला वाट दिली. दवाखान्यात नीट सुटली रतन. नात हाय, आबा."

सगुणाबाई डोळ्याला पदर लावून मागे उभ्या होत्या. आबांनी माझा कोपरा पुढे केला. विठाबाईनं गाठ पाहिली आणि नाक मुरडलं.

"ही माझी गाठ न्हाई. माझी आसली ढिली नसती."

"तुझी म्या धुतली बाई," सगुणाबाई म्हणाल्या, आणि सगळी हकीकत त्यांनी स्वतःच सांगून टाकली. विठाबाई आधी ऐकत राहिली, मग इतकी हसली की पोर रडायचं थांबलं. तिनं एका झटक्यात गाठ सोडली.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. बासष्टच्या निवडणुकीत आबा पडले. दिल्लीहून आणलेली त्यांच्या प्रश्नोत्तरांची छापील पुस्तकं रूथबाईंच्या कपाटात आहेत आणि ती मीच बांधून धरतो. रंग विटला, कडा विरल्या. भैरूची गाठ अजून माझ्या अंगावर आहे. तुमच्यापैकी कुणी दिल्लीला जाणारं असेल, तर माहिती गोळा झाली का, तेवढं विचारून या.

दर चैत्रात विठाबाई नातीला घेऊन आबांना भेटायला येते, आणि मग दोघी रूथबाईंकडे डोकावतात. परवा आल्या तेव्हा रूथबाई माझा फाटका कोपरा शिवायला सुई ओवत होत्या. मी मनातल्या मनात ओरडत होतो, सगळा शिवा, पण तेवढा कोपरा राहू द्या.

पोरीनं त्या भोकात बोट घातलं. "आजे, ह्ये कुनी फाडलं?"

"म्या," विठाबाई म्हणाली.

"कशापायी?"

"तू येनार हुतीस म्हनून."

रूथबाईंनी दोरा काढून घेतला आणि सुई परत डबीत ठेवली.