लीलाबाईंची दुरुस्ती

तमन्नाचा शोधनिबंध छापून आला तेव्हा भिगवणच्या मासळी बाजारात त्याच्या चाळीस प्रती वाटल्या गेल्या. वाटणारे तिचे अब्बा, रसूलभाई. इंग्रजी ना त्यांना येत होतं, ना घेणाऱ्यांना. पण लेकीच्या नावावर बोट ठेवून दाखवायचे आणि मग चिलापी मासे तोलायला घ्यायचे.

तमन्ना पुण्यात यकृत आणि पित्तनलिकेच्या कॅन्सरवर संशोधन करायची. बारामती-इंदापूरकडच्या एकशे अठरा रुग्णांची माहिती तिनं पाच वर्षं खपून जमवली होती. निष्कर्ष साधा होता : कावीळ दिसल्यापासून सोनोग्राफी होईपर्यंत सरासरी नऊ आठवडे वाया जातात, कारण लोक आधी गावठी औषध घेत बसतात. तोवर ऑपरेशनची वेळ टळलेली असते.

पुढच्या रविवारी ती घरी आली, तर कन्हेरीच्या लीलाबाई ओट्यावर बसलेल्या. तीन वर्षांपूर्वी पुण्याला त्यांचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, आता ठणठणीत होत्या. कुणाकडून तरी ऐकून एसटीनं आल्या होत्या.

"ह्या कागदात मी हाय म्हनं," त्या म्हणाल्या. "कुठं हाय ते दाव."

"मावशी, नावं छापत नाहीत. प्रत्येकाचा एक ठिपका असतो." तमन्नानं आलेख उघडून एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

लीलाबाईंनी चष्मा चढवला. "एवढीशीच व्हय? आनि ह्यो सगळ्यांपासनं लांब बसलेला कोन?"

"ते एक आजोबा. वीस आठवड्यांनी आले होते."

"मग?"

"गेले."

लीलाबाईंनी त्या ठिपक्यावर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "बरं, माझ्याबद्दल काय लिवलंय?"

तमन्नानं मराठीत समजावून सांगितलं. लीलाबाईंनी चष्मा काढला.

"हे खोटं हाय."

"अहो, एवढ्या मोठ्या लोकांनी तपासून छापलंय," रसूलभाई मध्येच म्हणाले.

"छापू द्या की. डोळं पिवळं झालं त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हनले, साधी कावीळ हाय, उतरंल. चार येळा गोळ्या दिल्या. अंगाला ही खाज, झोप न्हाय. सहाव्या आठवड्यात जाऊबाईनं झाडपाला आनला, त्यो दोन दिस घेतला. तुझ्या मानसानं फारम भरताना इचारलं, गावठी औषध घेतलं का? मी व्हय म्हनले. डॉक्टरकडं कवा गेलीस, हे कुनी इचारलंच न्हाय."

तमन्नानं लॅपटॉप उघडून जुना फॉर्म काढला. खरंच, तो प्रश्न फॉर्मात नव्हताच. पाच वर्षं ती ज्यांच्यासाठी झटत होती, त्यांच्यावरच तिनं उशिराचा ठपका ठेवला होता.

पुढचे दोन महिने ती घरोघर फोन करत राहिली. एकाहत्तर घरं सापडली. त्यातले सेहेचाळीस जण पहिल्या पंधरवड्यातच डॉक्टरकडं गेले होते.

"छापून झालंय, आता कशाला उकरतेस?" तिचे वरिष्ठ म्हणाले. पण आकडे बघितल्यावर त्यांनीच दुरुस्तीच्या पत्राचा मसुदा नीट करून दिला. नियतकालिकानं दुरुस्ती छापली. मग तमन्नानं इंदापूरला गावोगावच्या डॉक्टरांची बैठक बोलावली आणि लीलाबाईंना पहिल्या रांगेत बसवलं.

कावीळ, सोबत खाज आणि पांढुरकी शी असेल, तर वाट न बघता त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा, एवढंच तिनं सांगितलं. बोलणं संपल्यावर मागून एक वयस्कर डॉक्टर उठले.

"ह्या बाई माझ्याच पेशंट. गोळ्या मीच दिल्या होत्या." त्यांनी पहिल्या रांगेकडं पाहिलं. "बऱ्या आहात का, लीलाबाई?"

लीलाबाईंनी मागं वळून बघितलं.

"बरी हाय. रानात जाते, भाकरी खाते," त्या म्हणाल्या. "पर आता दुसऱ्या कुनाला थांबवू नका."

"नाही थांबवणार."

महिन्याभरात त्या डॉक्टरांनी दोघांना सोनोग्राफीला पाठवलं. एकाला पित्ताचे साधे खडे निघाले. दुसऱ्या होत्या पिंपळीच्या सारजाबाई. त्यांची गाठ अजून लहान होती, आणि ऑपरेशनची तारीख पुढच्याच मंगळवारची मिळाली.