पेल हार्बरच्या खुर्च्या

लाइल प्रोचास्काने सगळ्यात आधी संडास गाठला आणि कळ दाबली.

पडद्यावरच्या भांड्यात पाणी गरगर फिरून खाली गेलं आणि टाकी पुन्हा भरत असल्याचा बारीक आवाज भिंतीआडून येत राहिला. लाइलने नळ सोडला. तो वाहिला. आरशापुढे उभा राहिला, तर आत पाणबुड्याच्या पोशाखातला माणूस दिसला, आणि लाइलने डावीकडची कळ दाबली तसा तोही झुकला.

"झाली का संडासाची तपासणी, बॉस?" मागून ग्रिसेल्डा कांतूने विचारलं.

"पास," लाइल म्हणाला. आवाजात आणता येईल तेवढा उत्साह त्याने आणला. तो फारसा नव्हता.

ही त्यांच्या धंद्यातली जुनी रीत. कुणी संगणकावरचा असा खेळ केला, मग त्यातलं जग अवकाशातलं असो की समुद्राखालचं, तर जुना माणूस आत शिरल्यावर बंदूक शोधत नाही, संडास शोधतो. कथेला ज्याचा काडीचा उपयोग नाही तिथेही ज्याने पाणी सोडलं, त्याने ते जग मन लावून बांधलं, असा हिशेब. ऑस्टिनमध्ये ही रीत ज्यांनी पाडली त्यांत लाइल एक होता. पंचवीस वर्षांपूर्वी त्याने ‘पेल हार्बर’ नावाच्या खेळात एक अवकाशस्थानक बांधलं होतं. कुलूपबंद दार फोडा, किल्ली चोरा, नाहीतर झरोक्यातून सरपटत जा, खेळणाऱ्याची मर्जी. "इथे सगळं हलतं," असं तेव्हा मासिकांनी लिहिलं होतं. पुढे कंपनी बुडाली. लाइल दंतवैद्यांच्या दवाखान्यांना रुग्णांच्या वेळा लावून देणारी प्रणाली सांभाळू लागला. पण त्या एका वाक्यावर तो आजवर ताठ मानेने जगत आला होता.

आणि आता ग्रिसेल्डाचा ‘लो टाइड’ हा खेळ येत होता. गुरूच्या एका चंद्रावरच्या समुद्रात बुडालेलं संशोधनकेंद्र. ‘पेल हार्बरचा वारसदार’ असं जो तो लिहीत होता.

"वारसदार म्हणायला आधी बाप मरावा लागतो," सकाळी लाइल बायकोला म्हणाला होता.

"मग जाऊ नकोस," डार्लीन म्हणाली.

"न जाऊन कसं चालेल? त्यांना माझा शब्द हवाय."

"तुला जायचंय, असं सरळ म्हण ना. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस, वाटेत बेकरीतून कोलाचे घे."

शब्द खरंच हवा होता. जुना आणि नवा खेळ शेजारी शेजारी दाखवणारी छोटी फिल्म ग्रिसेल्डा करत होती आणि शेवटी लाइलने दोन वाक्यं बोलायची होती. "जुनी मंडळी तुमचंच ऐकतात," ती फोनवर म्हणाली होती. "तुम्ही नाक मुरडलंत, तर ती दुकानाकडे फिरकणारसुद्धा नाहीत. आणि हा चालला नाही, तर आमच्या दाराला कुलूप लागेल, बॉस. ते कसं असतं, तुम्हाला सांगायला नको."

म्हणून तो तिच्या कचेरीत आला होता. खेळाची नाडी आपल्या हातात आहे, हे सुख काही कमी नव्हतं. आता फक्त नव्या खेळात एक खोट सापडायला हवी होती.

ग्रिसेल्डा कॅमेरा लावायला बाहेर गेली आणि लाइलने शोध सुरू केला. पहिल्या बंद दाराला त्याला चार वाटा सापडल्या. पाचवी त्याला सुचली नसती, ती वठलेल्या रोपाच्या एका कुंडीमागे होती. जाळीवर पाऊल टाकलं की आवाज वेगळा, ओल्या फरशीवर वेगळा. पेल हार्बरमध्ये पावलांचा एकच आवाज होता. लाइलने स्वतःचे बूट घालून गॅरेजमध्ये चालून तो टिपला होता.

गस्तीचं यंत्र आलं. त्याने कोपऱ्यात कप फेकला. पेल हार्बरमधलं यंत्र असतं तर आवाजाकडे मान वळवून, क्षणभर थांबून पुढे गेलं असतं. ग्रिसेल्डाचं यंत्र कपापाशी गेलं, वाकलं आणि कप उचलून टेबलावर होता तिथे नेऊन ठेवला.

लाइलने कप पुन्हा फेकला, यंत्राने पुन्हा जागेवर नेला. हे त्यालाही करायचं होतं. त्या वेळच्या संगणकांत जागा होती कुठे? हिच्या एका दिव्याला जेवढी लागते, तेवढ्यात त्याने अख्खं स्थानक बसवलं होतं. त्याने हे मनात दोनदा म्हणून पाहिलं. उपयोग झाला नाही. यंत्राने ठेवताना कपाचा कान भिंतीकडे वळवून ठेवला होता, आधी होता तसाच.

मग तो भोजनगृहात पोचला. तिथे खुर्च्या होत्या.

हात त्याच्या आधी कामाला लागले. एकावर एक खुर्ची चढवत त्याने उतरंड रचली, वर चढला, पडदीपलीकडे उडी मारली आणि केंद्राच्या बाहेर पडला. पाण्यात नव्हे. जगाबाहेर. खाली राखाडी पोकळी आणि वर ते सगळं देखणं केंद्र, तळाशिवाय, बाहुल्यांच्या घरासारखं लटकलेलं.

लाइलला त्या दिवशी पहिल्यांदाच भूक लागली. त्याने वाटेत घेतलेला खोका उघडून जर्दाळू भरलेला गोड पाव, कोलाचे, काढला आणि दोन घासांत संपवला.

ग्रिसेल्डा परत आली. तिने पडद्यावरची राखाडी पोकळी पाहिली.

"तुझ्या घराला भोक आहे, पोरी," लाइल बोटं पुसत म्हणाला.

"भोजनगृहातलं ना? माहितेय."

"माहितेय?"

"सहा महिने झाले."

"मग बुजवलं का नाहीस?"

"बुजवायचं म्हणजे खुर्च्या जमिनीला ठोकायला लागल्या असत्या." तिने खोक्यात डोकावून पाहिलं. "जर्दाळूचा संपवलात?"

"पैसे लावणारे गप्प बसले?"

"छे. महिनाभर वाद घातला. म्हटलं, मुद्दाम उतरंड रचणारा माणूस पडेल, हसेल आणि पुन्हा सुरू करेल. पण एकदा का त्याच्या हाताला न हलणारी खुर्ची लागली, की तो पुन्हा कशाला म्हणून हात लावणार नाही."

लाइलने तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. तो असता तर बरं झालं असतं. ती खसखशीचा कोलाचे खात होती.

पेल हार्बर दुकानात जायच्या आठवड्यात खेळातल्या चुका शोधणारी बावीस वर्षांची एक तपासनीस त्याच्याकडे आली होती. भोजनगृहात खुर्च्या रचल्या की माणूस जगाबाहेर पडतो, म्हणाली. लाइल तीन दिवस घरी गेला नव्हता. "ठोकून टाक," तो म्हणाला होता. "तूच शोधलंस, तूच ठोक." आणि ग्रिसेल्डाने दुपारभर बसून एकेक खुर्ची जमिनीला ठोकली होती. पुढे कुणाच्या ते लक्षात आलं नाही. सगळं हलतं, असंच छापून आलं. ते वाचून वाचून लाइललाही तसंच वाटायला लागलं होतं.

कॅमेऱ्यामागच्या बाईने त्याला खिडकीपाशी बसवलं. "जुना की नवा? मनमोकळं बोला."

वाक्य त्याने गाडीत घोटून ठेवलं होतं. दिसायला नवा देखणा आहे, पण जग बांधणं ही वेगळी गोष्ट असते. एवढं पुरलं असतं. जुनी मंडळी त्यातला ‘पण’ बरोबर ऐकतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ग्रिसेल्डा भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातातला खसखशीचा तुकडा तसाच राहिला होता.

"नव्यात खुर्च्या हलतात," लाइल म्हणाला.

बाईने कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं. "म्हणजे? जरा सविस्तर सांगाल?"

"नाही. एवढंच लावा. आमच्या हलत नव्हत्या, हे हवं तर पुढे जोडा."

ग्रिसेल्डाने मान खाली घातली. जाताना तिने त्याला गाडीपर्यंत सोडलं.  झाडावरची काळी ग्रॅकल पाखरं गंजल्या बिजागरीसारखी करकरत होती.

"कसा आहे?" घरी डार्लीनने विचारलं.

"चांगला आहे."

"तुझ्यापेक्षा?"

"चहा देतेस का?"

ती बर्फाचा चहा घेऊन गॅरेजमध्ये आली, तेव्हा लाइलने जुना संगणक सुरू केला होता. पडद्यावर पेल हार्बरचं भोजनगृह होतं. गोल खिडकीबाहेर त्याने हाताने काढलेले तारे होते आणि टेबलांभोवती खुर्च्या.

तो एकेका खुर्चीपाशी जाऊन तिला ढकलत होता. डार्लीन पेला ठेवून गेली. लाइल शेवटच्या खुर्चीला भिडला आणि त्याने पुढे जायची कळ दाबून धरली. खुर्ची हलली नाही. तोही जागच्या जागीच होता. फक्त पावलं वाजत होती, याच गॅरेजच्या फरशीवर टिपलेली, त्याच्या तरुण बुटांची.