पूर्वेला मावळलेला दिवस

त्या फोटोवाल्याला सगळे निवांतराव म्हणत. त्याच्याकडे फोटो काढून घेतलेलं माणूस, फोटो हाती पडेपर्यंत त्या फोटोसारखं दिसेनासं व्हायचं, अशी त्याची ख्याती. केस पांढरे व्हायचे, दोन दात पडायचे. निम्मं खोटं धरलं तरी निम्मं उरतंच.

असा हा निवांतराव एके दिवशी चक्क बायकोच्या आधी उठला. शिवाय चहा करून तिच्या उशाशी नेऊन ठेवला. बायको डोळे चोळत उठून बसली.

"अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"ठणठणीत! आणि ऐक, आज कारखाना सुटला की निघू नकोस. मी घ्यायला येतो. तळ्यावरून फिरत फिरत येऊ दोघं."

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" ती हसली. "पण नक्की ना? नाहीतर मला ठेवाल ताटकळत."

"तुझी शपथ!"

शपथ कुणाची घ्यावी याला काही धरबंध असतो. पण निवांतरावाला कोण सांगणार?

बायको वस्तीबाहेरच्या कारखान्यात गाद्या शिवायची. ती कामावर गेली आणि निवांतरावाने स्टुडिओ उघडला. पण पहाटे उठण्याच्या कष्टाने जीव अगदी मेटाकुटीला आलेला. दुपारी त्याने फोनचा आवाज बंद केला, एकुलत्या एका खिडकीवर काळं कापड ओढलं आणि पाच मिनिटं आडवा झाला. निवांतरावाची पाच मिनिटं मोजताना घड्याळालाही डुलकी लागायची.

जाग आली ती उजेडाने. समोरची पांढरी भिंत रंगांनी भरून गेली होती. काळ्या कापडाला कधीतरी खिळ्याचं भोक पडलं होतं आणि त्या भोकातून बाहेरचा सगळा देखावा भिंतीवर उतरला होता. तोही उलटा! जमीन वर, आभाळ खाली. आभाळ केशरी, मध्ये लालभडक, कडेला जांभळं. वर तळ्याच्या पाण्यावर सोनं सांडलेलं.

"लोक डोंगर चढून सूर्यास्त टिपतात," तो पुटपुटला, "आणि आपल्याला अंथरुणात मिळाला की!"

त्याने कॅमेरा तिवईवर चढवला, शटर बराच वेळ उघडं ठेवलं, श्वास रोखला. मग कॅमेरा उलटा धरून फोटो सुलटा पाहिला. वा! भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं असा.

"बायकोला दाखवायला हवा. म्हणावं, सकाळी पश्चिमेला उगवला ना, म्हणून आता पूर्वेला मावळ—"

हसू तोंडातच थिजलं.

खिडकी खरंच पूर्वेला होती. पूर्वेला तळं. तळ्यापलीकडे गाद्यांचा कारखाना.

त्याने फोटो मोठा केला. लाल गोळ्याच्या कडेला छप्पर दिसलं. छपरावर काळा ठिपका. कावळा असेल. देवा, कावळाच असू दे. अजून मोठा केला. ठिपक्याला हात होते, दोन्ही वर केलेले. आणि ते हात पुसट आले होते, कारण ते हलत होते.

फोन पाहिला. बायकोच्या नावाची रांगच लागली होती. त्याने अग्निशमनवाल्यांना कळवलं, मग तिचा नंबर लावला. लागेना.

निवांतराव पळाला. असा पळाला की त्याची सावली स्टुडिओच्या पायरीवरच राहिली आणि तळ्याच्या वळणावर त्याला येऊन मिळाली, असं सांगणारे आजही आहेत. त्याला मात्र एवढंच आठवतं, की जळक्या कापसाचा वास दाट होत होता आणि आपलीच शपथ कानात वाजत होती.

बाकीच्या शिवणाऱ्या बाया केव्हाच घरी गेल्या होत्या. छपरावर एकटी त्याची बायको. नवरा येताना लांबून दिसेल म्हणून वर चढलेली. खाली जिना पेटला होता, बंब अजून पोचला नव्हता. अंगणात ट्रकची वाट बघत तयार गाद्यांची चळत पडली होती. जन्मभर गादीवर पडलेला माणूस पहिल्यांदाच गादी उचलत होता. ओढत होता, पडत होता, पुन्हा ओढत होता.

"डावीकडे! अहो, तुमची नाही, माझी डावी!"

"उडी मार आता!"

"अजून एक घाला. तुमचा काय भरवसा!"

तेवढ्यात धुराचा लोट आला आणि छप्पर दिसेनासं झालं. बायकोही. त्याने हाक मारली. मग धप्प असा आवाज झाला. तो धुरात हाताने चाचपडत राहिला. गादी. गादी. रिकामी गादी.

मग कुणीतरी खोकलं.

"आलात?" बायकोचा घोगरा आवाज आला. "फिरायला जायचं होतं ना?"

त्याने तिचा हात धरला. गाद्या तुडवत तिला धुराबाहेर नेलं.

आता कोंबडा निवांतरावाला विचारून आरवतो म्हणतात. बायको दुसऱ्या कारखान्यात जाते आणि तो सुटायच्या कितीतरी आधी निवांतराव फाटकावर हजर असतो. मावळतीकडे पाठ करून तो पूर्वेचं आभाळ निरखत राहतो.

"चला, मावळला," बायको बाहेर येऊन म्हणते.

"कुठल्या बाजूला?" तो विचारतो. आणि ती सांगेपर्यंत पाऊल उचलत नाही.